गुप्त पोलिसाचा बॉल : एका नावाची गोष्ट

आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल की इतिहासाच्या व्याख्यानात हे काय आणलं. धर्मादाय विनोदी कार्यक्रमांना नाव काय द्यावं, हा इतिहासाचा विषय आहे का? नाव ठेवायचं काम आपल्याकडे आत्याचं. इतिहासवाल्यांचं काम नंतर नावं ठेवायचं! पण आज आपण एका नावाच्या जन्माकडे जरा गंभीरपणे बघणार आहोत, कारण त्या नावामागे एक अवघड प्रश्न उभा होता. तुरुंगात छळ सोसणाऱ्या माणसांसाठी पैसे उभे करायचे आणि तेही लोकांना हसवून. मग दारावर पाटी कोणती लावायची?

सुरुवात घरापासून करू. साहाय्यार्थ प्रयोग ही आपल्याला नवी गोष्ट नाही. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे राहिले. त्या प्रयोगाला आपण आजही ‘संयुक्त मानापमान’ म्हणतो. बघा, ‘संयुक्त’ या एका शब्दात सगळं आलं. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, दोन तोलामोलाच्या कंपन्या एकत्र आल्या, यापेक्षा जास्त काही सांगायची गरजच नव्हती. फंडाचा उल्लेख या नावात नाही, पण त्याने काही बिघडलं नाही, कारण नाटक आणि कार्य यांच्यात भांडण नव्हतं. संगीत नाटक ऐकून देशकार्याला पैसे देण्यात कुणाला संकोच वाटणार?

भांडण सुरू होतं ते विनोद आणि यातना शेजारी बसल्या की. ते पाहण्यासाठी आपल्याला १९७० च्या दशकातल्या लंडनला जायला हवं.

अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही संस्था आपल्याला ठाऊक आहे. २८ मे १९६१ रोजी पीटर बेनेन्सन या वकिलाने लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात विस्मृतीत गेलेल्या कैद्यांविषयी एक लेख लिहिला, आणि त्यातून ही संस्था उभी राहिली. पद्धत अगदी साधी होती. केवळ मतांसाठी तुरुंगात टाकलेल्या माणसाची माहिती काढायची आणि जगभरातल्या सामान्य लोकांनी त्या देशाच्या सरकारला पत्रं लिहायची. पत्राचा खर्च थोडा, पण माहिती काढायला, ती तपासायला माणसं लागतात. पैसा लागतो. आणि १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या शाखेकडे तो पुरेसा नव्हता.

तेव्हा विनोदी नट जॉन क्लीज मदतीला आला. ‘मॉन्टी पायथन’ या तऱ्हेवाईक विनोदी मंडळीतला हा उंच गृहस्थ. त्याने आपल्या मित्रांना गोळा केलं. पायथनमधले बहुतेक जण आले. त्यांच्या आधीच्या पिढीतले, ‘बियॉंड द फ्रिंज’वाले पीटर कुक, अ‍ॅलन बेनेट, जोनाथन मिलर आले. १ ते ३ एप्रिल १९७६, तीन रात्री, हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये, नेहमीचं नाटक संपल्यानंतर उशिरा हे प्रयोग झाले.

नाव काय दिलं? ‘अ पोक इन द आय (विथ अ शार्प स्टिक)’. म्हणजे डोळ्यात टोकदार काठीने मारलेली ढोसणी. इंग्रजीत एक बोलण्याची पद्धत आहे. एखादी गोष्ट फार चांगली नसली, तरी डोळ्यात काठी घालून घेण्यापेक्षा बरी, असं म्हणतात. तेव्हा नावाचा अर्थ असा झाला की आमचा कार्यक्रम तितका वाईट नाही, या. मजेदार आहे, नम्रही आहे. पण जरा थांबून विचार करा. हा कार्यक्रम ज्यांच्यासाठी होता, त्यांच्यातल्या काहींना डोळ्यावरचा घाव हा वाक्प्रचार नव्हता, अनुभव होता. हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात असं काही वाकडं असेल असं आम्हाला वाटत नाही. पण या विनोदाचा रोख कोणाकडे आहे, हे त्या नावात ठरलेलंच नव्हतं. काठी कोणाच्या हातात आणि डोळा कोणाचा? नाव काही सांगत नाही.

आता गंमत बघा. याच प्रयोगांवर रॉजर ग्रेफ यांनी चित्रपट केला आणि त्याचं नाव वेगळं ठेवलं. ‘प्लेझर अ‍ॅट हर मॅजेस्टीज’. थिएटरचं नाव हर मॅजेस्टीज, तिथे मिळालेला आनंद, असा सरळ अर्थ. पण ब्रिटिश कायद्यात एक शब्दप्रयोग आहे. एखाद्याला ठरावीक मुदतीशिवाय डांबून ठेवायचं असेल, तर तो महाराणींची मर्जी असेतोवर कैदेत राहील असं तेव्हा म्हणत, आणि तिथे ‘मर्जी’साठी हाच ‘प्लेझर’ शब्द आहे. दोन शब्दांची जागा बदलली आणि कैदेचा हुकूम करमणुकीची जाहिरात झाला. इथे पहिल्यांदा कार्य नावाच्या आत शिरलं. अडचण एकच, हे नाव त्या थिएटरला बांधलेलं होतं. थिएटर बदललं की विनोद संपला.

आणि थिएटर बदललंच. १९७७ च्या मे महिन्यात पुढचा कार्यक्रम मर्मेड थिएटरमध्ये झाला. हे थिएटर सर बर्नार्ड माइल्स या नटाने उभं केलेलं. मोठ्या कलावंताच्या कार्यक्रमाला ‘अमक्यांसोबत एक संध्याकाळ’ असं नाव द्यायची तिकडे पद्धत आहे, आपल्याकडेही आहे. या मंडळींनी ते उलटं केलं : ‘अ‍ॅन इव्हनिंग विदाउट सर बर्नार्ड माइल्स’. सर बर्नार्ड माइल्स यांच्याशिवाय एक संध्याकाळ! घरमालकाला त्याच्याच घरात चिमटा. पण हा विनोद त्या घरातल्या लोकांपुरता. म्हणूनच की काय, ध्वनिमुद्रिका आणि दूरचित्रवाणीसाठी ‘द मर्मेड फ्रॉलिक्स’, म्हणजे मर्मेडमधला धुडगूस, असं दुसरं नाव घ्यावं लागलं. आणि कैदी? दोन्ही नावांत कैद्याचा मागमूस नाही. त्याच वर्षी अ‍ॅम्नेस्टीला शांततेचं नोबेल मिळालं. संस्थेचं नाव जगभर झालं, तिच्या कार्यक्रमाला मात्र अजून धड नाव नव्हतं.

मग आला जून १९७९. पुन्हा हर मॅजेस्टीज थिएटर, २७ ते ३० तारखा, चार रात्री. आणि नाव : ‘द सीक्रेट पोलिसमन्स बॉल’.

हे नाव नीट उलगडू या. बॉल म्हणजे इथे नृत्याचा समारंभ. ब्रिटनमध्ये पोलिसांचे असे वार्षिक नृत्यसमारंभ होत. गावातल्या दुकानदारांनी, प्रतिष्ठितांनी तिकिटं घ्यायची आणि तो पैसा चांगल्या कामाला जायचा. आपल्याकडे मुंबई पोलिसांसाठी ‘उमंग’ नावाचा कार्यक्रम होतो, सिनेमातले तारे येतात, नाचगाणी होतात. साधारण तसंच समजा. म्हणजे ‘पोलिसांचा बॉल’ हा शब्द ऐकल्यावर इंग्रज माणसाला काय आठवणार? ओळखीचा हवालदार, तिकिटांचं पुस्तक, चहा-बिस्किटं आणि मदतनिधी. साहाय्यार्थ कार्यक्रम ही कल्पना या शब्दात आधीपासूनच होती.

त्याच्याआधी फक्त एक शब्द जोडला. गुप्त. आणि सगळं चित्र फिरलं. गुप्त पोलीस म्हणजे १९७९ च्या श्रोत्यांना गोष्टीतली पात्रं नव्हती. इराणमध्ये शहाची ‘सावाक’ त्याच वर्षीच्या क्रांतीत संपली होती. चिलीत पिनोशेच्या ‘दिना’ने माणसं गायब केली होती. पूर्व जर्मनीत ‘स्टासी’ घराघरात कान लावून बसली होती. दक्षिण आफ्रिकेत १९७७ साली स्टीव्ह बिको सुरक्षा पोलिसांच्या कोठडीतल्या मारहाणीने मरण पावला होता. आता हे लोक बॉल भरवणार? निमंत्रणं कोणाला जाणार? पाहुणे एकमेकांना ओळख काय देणार? मराठीत सांगायचं तर गुप्तहेर खात्याचं हळदीकुंकू म्हणा. बोलावणं आलं तर जायची भीती, आणि न जाण्याची त्याहून जास्त!

इथे मूळ प्रश्नाचं उत्तर सापडतं. यातनांच्या विषयावर हसायचं का? हसायचं असेल, तर हसू कोणाच्या अंगावर जातंय ते बघा. समजा, याच शब्दांत फेरफार करून ‘कैद्यांचा बॉल’ असं नाव ठेवलं असतं, तर? ऐकतानाच अंगावर काटा येतो. तो पीडितांच्या ताटात हात घालण्याचा प्रकार झाला असता. ‘गुप्त पोलिसाचा बॉल’ म्हटल्यावर मात्र हसू होतं त्या पोलिसाचं. आणि गुप्त पोलिसाची सगळी ताकद कशात असते? त्याची भीती वाटण्यात. त्याला नटवून, नाचवून दारावर उभा केला की त्या भीतीला एक टवका तरी जातो. प्रेक्षक तिकीट काढतानाच, प्रयोग सुरू व्हायच्या आधीच, कार्यात सामील झालेला असतो.

नावाला साजेसा मजकूरही त्या प्रयोगात आला. लिबरल पक्षाचे माजी नेते जेरेमी थॉर्प यांच्यावर खुनाच्या कटाचा खटला होता. २२ जूनला, म्हणजे पहिल्या प्रयोगाच्या पाचच दिवस आधी, ते निर्दोष सुटले. न्यायाधीशांनी ज्युरीपुढे केलेल्या समारोपाची पीटर कुकने इतकी झोंबरी नक्कल केली की ती आजही ब्रिटिश उपरोधाचा नमुना म्हणून दाखवली जाते. परदेशातल्या गुप्त पोलिसांवर हसायला जमलेले लोक स्वतःच्या न्यायालयावर हसून घरी गेले.

चांगल्या नावाचा आणखी एक गुण म्हणजे त्याला पुढे पोरंबाळं होतात. १९८१ मध्ये ड्रुरी लेनच्या थिएटरात ‘सीक्रेट पोलिसमन्स अदर बॉल’ झाला. स्टिंग, एरिक क्लॅप्टन, बॉब गेल्डॉफ असे गायक-वादक त्यात होते. १९८७ मध्ये ‘थर्ड बॉल’, १९८९ मध्ये ‘बिगेस्ट बॉल’. आता इथे एक चावटपणा आहे. बॉल या शब्दाचा इंग्रजी बोलीत पुरुषाच्या शरीराशी संबंधित अर्थही आहे. तो पहिल्या नावातही लपलेला होता, ‘अदर’ म्हटल्यावर उघड्यावर आला. दुसऱ्यापर्यंत विनोद निदान शरीरशास्त्राला धरून होता, तिसऱ्याला तो आधारही सुटला!

हसलात, ठीक आहे. पण काय झालं ते लक्षात घ्या. विनोदाचा रोख पोलिसावरून बॉलवर सरकला. नाव आता स्वतःच्याच पुण्याईवर जगू लागलं. १९८९ च्या उन्हाळ्याच्या शेवटी ‘बिगेस्ट बॉल’ झाला. नोव्हेंबरमध्ये बर्लिनची भिंत पडली आणि १५ जानेवारी १९९० ला लोक पूर्व बर्लिनमधल्या स्टासीच्या मुख्यालयात घुसले. खऱ्याखुऱ्या गुप्त पोलिसाच्या घराचं दार उघडलं, तेव्हा त्याच्या नावाचा विनोद जुना व्हायला लागला होता. पुढे २००६ आणि २००८ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये हेच नाव पुन्हा लागलं. तोवर ते आजोबांच्या नावासारखं झालं होतं. मान मोठा, धार कमी.

तरी बीज रुजलं होतं. १९८१ च्या रंगमंचावरच्या गेल्डॉफने १९८४ मध्ये इथिओपियाच्या दुष्काळासाठी ‘बँड एड’ उभा केला. बँड म्हणजे वाद्यवृंद, एड म्हणजे मदत, आणि दोन्ही जोडले की जखमेवरची चिकटपट्टी. एवढ्या मोठ्या जखमेला आपण पट्टीच लावतोय, ही कबुली नावातच आहे. १९८५ मध्ये ब्रिटिश विनोदवीरांनी ‘कॉमिक रिलीफ’ सुरू केलं. शेक्सपिअर शिकवताना आपले प्राध्यापक हाच शब्द वापरतात, गंभीर नाटकातला विनोदी विसावा. पण रिलीफ म्हणजे मदतकार्यही. शब्द जुनाच, फक्त त्याचा दुसरा अर्थ जागा केला.

याच्या उलट उदाहरण आपल्या दिल्लीतलं. १९८८ मध्ये अ‍ॅम्नेस्टीसाठी जगभर संगीताचा दौरा निघाला, तो सप्टेंबरअखेर नवी दिल्लीतही आला. नाव होतं ‘ह्यूमन राइट्स नाऊ!’. मानवी हक्क, आत्ताच्या आत्ता. यात विनोद नाही, आडपडदा नाही, ही घोषणा आहे. मैदानात हजारो लोकांसमोर गाताना घोषणा चालते. पण विनोदी कार्यक्रमावर घोषणेची पाटी लावली, तर प्रेक्षक शाळेत आल्यासारखा हात बांधून बसतो.

तेव्हा समारोप करताना एवढंच सांगू. आपल्यापैकी अनेक जण रुग्णालयासाठी, पूरग्रस्तांसाठी, शाळेसाठी हास्याचे कार्यक्रम करतात. नाव सुचवायची वेळ आली की आपण ‘हास्य’ला ‘कल्लोळ’ नाहीतर ‘धमाल’ जोडतो आणि खाली बारीक अक्षरात साहाय्यार्थ लिहितो. ते बारीक अक्षर मोठ्या अक्षरात शिरू शकतं का, हे एकदा बघा. आणि नाव ठरलं की ज्याच्यासाठी कार्यक्रम आहे, त्या माणसाला समोर बसवून ते मोठ्याने वाचून दाखवा. प्रत्यक्ष नाही जमलं तर मनातल्या मनात. त्यालाही हसू आलं, तर पाटी रंगवायला द्या. नाही आलं, तर दुसरं नाव शोधा, कितीही उशीर झालेला असला तरी.

आता प्रश्न घेऊ या.