दूरदर्शनचे स्थलीय प्रक्षेपण आणि नांदेड-लातूरचा प्रेक्षक : एका संक्रमणाचा इतिहास

१. विषयाची मांडणी

प्रसारणमाध्यमांचा इतिहास लिहिताना आरंभाच्या तिथी काळजीपूर्वक नोंदविल्या जातात, अखेरीच्या तिथींकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दिल्लीस प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले आणि मुंबई केंद्राचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाले, हे विद्यार्थी सांगू शकतात. परंतु छपरावरच्या अँटेनाने ग्रहण करावयाचे दूरदर्शनचे स्थलीय प्रक्षेपण मराठवाड्यातून केव्हा व कसे नाहीसे झाले, आणि त्या वेळी सामान्य प्रेक्षकाची पूर्वतयारी कोणी करून दिली, हा प्रश्न विचारला जात नाही. प्रस्तुत निबंधात नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात त्याचा विचार करावयाचा आहे. तंत्रज्ञानाचे विवेचन आवश्यक तेवढेच केले असून मुख्य लक्ष प्रेक्षकावर, आणि त्याच्याशी ज्या भाषेत बोलले गेले त्या भाषेवर ठेवले आहे.

२. दूरचित्रवाणीचे आगमन

मुंबईस केंद्र निघाले तरी त्याच्या लहरी बालाघाटाच्या डोंगररांगांपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे शैक्षणिक प्रक्षेपणाचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी घेतली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. मात्र आपल्या दक्षिणेकडील गुलबर्गा परिसर त्यात होता. तेथील खेड्यांत तारेच्या जाळीच्या सुमारे तीन मीटर व्यासाच्या थाळ्या उभ्या राहिल्या आणि ग्रामस्थ एकत्र बसून कार्यक्रम पाहू लागले. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानाचेच घटक असलेल्या दोन लगतच्या प्रदेशांपैकी एकास उपग्रहाचे दर्शन १९७५ साली घडले आणि दुसऱ्यास त्यासाठी थांबावे लागले, ही गोष्ट केवळ भाषावार प्रांतरचनेच्या रेषेमुळे घडली.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण यांचा प्रारंभ झाला. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्ट १९८२ रोजी, उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला. हा योगायोगच होय. तथापि लातूर जिल्ह्याचे प्रशासकीय आयुष्य आणि राष्ट्रीय प्रक्षेपणाचे आयुष्य समवयस्क आहे, हे अभ्यासकाच्या सोयीचे आहे. १९८३ साली इन्सॅट-१बी कार्यान्वित झाल्यावर १९८४ पासून देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांची उभारणी अपूर्व वेगाने झाली आणि मध्यम आकाराची जिल्हानगरे त्या जाळ्यात आली. शंभर वॉट शक्तीच्या अशा प्रक्षेपकाचा पल्ला साधारणपणे वीस-पंचवीस किलोमीटर असे. त्यापलीकडील गावांना अंबाजोगाईसारख्या उंच पठारावरील उच्चशक्ती प्रक्षेपकाकडे अँटेनाचे तोंड वळवावे लागे.

येथे भाषेच्या अभ्यासकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लघुशक्ती प्रक्षेपक स्वतः कार्यक्रम निर्माण करीत नसे. तो उपग्रहावरून आलेल्या कार्यक्रमाचे सहक्षेपण करी, आणि आरंभीच्या काळात हा कार्यक्रम मुख्यतः दिल्लीचा असे. त्यामुळे मराठवाड्याच्या घराघरांत दूरचित्रवाणीने प्रवेश केला तो हिंदीच्या मुखाने. निजामी राजवटीत उर्दूचा सहवास घडलेल्या या प्रदेशास ती हिंदी परकी वाटली नाही. २५ जानेवारी १९८७ पासून सुरू झालेल्या ‘रामायण’ मालिकेच्या वेळी रस्ते ओस पडत, हे सर्वश्रुत आहे. मराठी कार्यक्रमांचा वाटा पुढे वाढत गेला आणि १९९४ पासून मराठीची स्वतंत्र उपग्रह वाहिनी उपलब्ध झाली. तीच पुढे ‘सह्याद्री’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

३. एका शब्दाखाली तीन संक्रमणे

‘डिजिटल झाले’ असे आपण एका दमात म्हणतो. वस्तुतः या दोन जिल्ह्यांत तीन वेगवेगळी संक्रमणे घडली आणि त्या तिहींत प्रेक्षकाची तयारी करून देण्याची पद्धत निरनिराळी होती.

पहिले संक्रमण तारवाहिनीचे, म्हणजे केबलचे. २०११ च्या दुरुस्ती कायद्याने केबलचे अंकीकरण सक्तीचे झाले. त्याचे चार टप्पे होते. पहिल्यात मुंबईसह चार महानगरे आणि दुसऱ्यात ३१ मार्च २०१३ या मुदतीची अडतीस शहरे आली. त्यांत मराठवाड्यातील एकटे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) होते. नांदेड व लातूर ही शहरे उर्वरित नागरी भागांच्या तिसऱ्या टप्प्यात पडली. त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती. न्यायालयीन याचिकांमुळे ती पुढे सरकत ३१ जानेवारी २०१७ पर्यंत गेली. ग्रामीण भागाच्या चौथ्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ ठरली. या संक्रमणात तिथी होती, कायद्याची सक्ती होती, पडद्यावरून धावणाऱ्या सूचना होत्या आणि घरी येऊन पेटी बसविणारा केबलचालक होता. कारण उघड आहे. प्रत्येक पेटीमागे मासिक वर्गणी होती आणि ग्राहकांची खरी संख्या उघड होण्यात वाहिन्यांचे, वितरकांचे व शासनाच्या करवसुलीचे हित होते.

दुसरे संक्रमण थेट उपग्रहाकडून घराकडे येणाऱ्या विनावर्गणी सेवेचे. दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही सेवा सुरू केली. तीच पुढे ‘डीडी फ्री डिश’ झाली. एकदाच खर्च करून छत्री व पेटी घ्यावी आणि मासिक वर्गणीशिवाय पाहावे, अशी तिची रचना आहे. ज्या वस्त्यांपर्यंत केबल गेलीच नाही, तेथे ही छत्री पोहोचली. या स्थित्यंतरास मुदत नव्हती आणि सक्तीही नव्हती. बाजारपेठेच्या गावातील विद्युत्साहित्याचा दुकानदार व त्याचा कारागीर हेच येथील प्रचारक आणि शिक्षक ठरले.

तिसरे संक्रमण स्थलीय प्रक्षेपणाचे, आणि आपला मुख्य विषय तोच आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने सोळा शहरांत अंकीय स्थलीय प्रक्षेपण सुरू केले. मुंबई व औरंगाबाद ही त्यांतील महाराष्ट्राची दोन शहरे होत. नांदेड-लातूरला हा लाभ मिळाला नाही. येथे सदृश प्रक्षेपणाची जागा अंकीय स्थलीय प्रक्षेपणाने घेतली नाही. ते केवळ थांबविण्यात आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसार भारतीने जाहीर केले की मोक्याच्या ठिकाणचे सुमारे पन्नास प्रक्षेपक वगळता उर्वरित सर्व सदृश प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केले जातील. जुनाट तंत्र, विजेचा अपव्यय आणि नव्या दळणवळण सेवांसाठी मोकळ्या होणाऱ्या लहरी ही कारणे देण्यात आली. ती कारणे खोटी नव्हती. बहुसंख्य घरे तोवर केबल वा छत्रीकडे वळली होती, हेही खरे. परंतु जो अल्पसंख्य प्रेक्षक अजून अँटेनावर अवलंबून होता, त्याच्या वाट्यास केबलच्या ग्राहकाप्रमाणे दारी येणारा कारागीर आला नाही. त्याच्याकडून कोणासही वर्गणी मिळावयाची नव्हती.

४. अन्यत्र काय घडले

या संक्रमणाचे वेगळेपण परदेशांशी तुलना केल्यावर स्पष्ट होते. अमेरिकेत पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे सदृश प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी थांबले. मूळ मुदत त्याच वर्षीच्या १७ फेब्रुवारीची होती. प्रेक्षकांची तयारी अपुरी असल्याच्या कारणावरूनच ती वाढविण्यात आली. जुन्या संचास जोडावयाच्या परिवर्तक पेटीसाठी प्रत्येक कुटुंबास चाळीस डॉलरची दोन कुपने मागता येत. ब्रिटनने २००७ साली व्हाइटहेवन या छोट्या गावी प्रथम प्रयोग केला आणि नंतर प्रांतामागून प्रांत घेत ऑक्टोबर २०१२ मध्ये काम पुरे केले. तेथे सर्वसाधारणपणे आधी एक वाहिनी बंद करीत आणि सुमारे दोन आठवड्यांनी उरलेल्या बंद करीत, म्हणजे जो बेसावध असेल त्यास पहिल्याच धक्क्याने जाग यावी. पंचाहत्तर वर्षांवरील वृद्ध, अपंग व अंध यांच्या घरी जाऊन पेटी बसवून देण्याची व ती वापरावयास शिकविण्याची स्वतंत्र साहाय्य योजना होती.

ती राष्ट्रे श्रीमंत आहेत, हे उत्तर येथे पुरेसे नाही. तेथे स्थलीय प्रक्षेपण हेच कोट्यवधी घरांचे मुख्य साधन होते. आपल्याकडे ते शेवटच्या काही लोकांचे साधन उरले होते. बहुसंख्यांची गैरसोय हा सार्वजनिक प्रश्न होतो आणि अल्पसंख्यांची गैरसोय ही खाजगी अडचण ठरते. वास्तविक जे सर्वांच्या शेवटी उरतात त्यांनाच मदतीची गरज सर्वांत अधिक असते, हे ब्रिटिश योजनेमागील तत्त्व होय. त्याचे महत्त्व आपल्यास अपरिचित नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद असताना ‘टिलीमिली’ ही पाठमालिका सह्याद्री वाहिनीवरून दाखविण्यात आली. ज्या घरी स्मार्टफोन नाही त्या घरच्या मुलास दूरचित्रवाणी हाच वर्ग, हे तिच्यामागील गृहीतक होते. स्थलीय प्रक्षेपक बंद करण्याची घोषणा त्यानंतर सव्वा वर्षाच्या आतच झाली.

५. भाषेचा प्रश्न

आता प्रस्तुत लेखकाच्या विषयाशी निगडित मुद्दा. मराठीत या माध्यमाशी संबंधित तीन नामे रूढ आहेत. माध्यमास ‘दूरचित्रवाणी’, संस्थेस ‘दूरदर्शन’ आणि घरातील संचास ‘टीव्ही’. हा भेद ग्रंथांत पाळला जातो. बोलण्यात मात्र ‘दूरदर्शन’ हा शब्द तिन्ही अर्थांनी वावरतो. त्यातच ‘केंद्र’ हा शब्द मुंबईच्या कार्यक्रमनिर्मिती केंद्रास लागतो आणि माळावरच्या सहक्षेपण मनोऱ्यासही लागतो. साहजिकच ‘दूरदर्शन केंद्र बंद’ या तीन शब्दांच्या मथळ्यातून मनोरा थांबला, संस्था बंद पडली की कार्यक्रम संपले, यांपैकी कोणताही अर्थ निघू शकतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये नेमके असेच घडले. कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) व सिल्चर येथील केंद्रे बंद होत असल्याची वृत्ते पसरली, आणि ती केंद्रे कार्यक्रमनिर्मिती चालू ठेवतील, फक्त सदृश प्रक्षेपण थांबेल, असा खुलासा प्रसार भारतीस करावा लागला. संदिग्ध शब्दाने किती गोंधळ माजतो याचे यापेक्षा चांगले उदाहरण वर्गात सांगण्यास सापडणार नाही.

दुसरा गोंधळ ‘डिजिटल’ या शब्दाचा. पारिभाषिक कोशांनी ‘अंकीय’ व ‘सदृश’ अशी जोडी दिली. ती तर्कशुद्ध आहे, परंतु ती सूचनापत्रांत उतरली नाही. प्रेक्षकाने स्वतः घडविलेले शब्द अधिक समर्थ ठरले. थाळीस ‘छत्री’ म्हटले गेले. क्षीण संकेतामुळे पडद्यावर उठणाऱ्या ठिपक्यांना ‘मुंग्या’ म्हटले गेले. या ‘मुंग्यां’त तंत्रज्ञानाचा एक मूलभूत भेद दडलेला आहे. सदृश प्रक्षेपणात संकेत क्षीण होत जाई तसतशा मुंग्या वाढत, पण चित्र ओळखू येई व आवाज ऐकू येई. अंकीय प्रक्षेपणात चित्र स्वच्छ असते, किंवा थिजून त्याचे चौकोनी तुकडे होतात आणि मग काहीच उरत नाही. उपग्रहाच्या ज्या लहरींवर ही सेवा चालते त्या मुसळधार पावसात शोषल्या जातात. म्हणून ऐन पावसाळ्यात, हवामानाची वार्ता हवी असते तेव्हाच, छत्री मुकी होण्याचा संभव असतो. ‘चित्र अधिक स्पष्ट दिसेल’ एवढेच सांगणे हे अर्धसत्य होते. ‘पूर्वी अंधूक दिसे, आता दिसेल किंवा दिसणार नाही’ हे सांगणे म्हणजे खरी पूर्वतयारी झाली असती.

दिशेच्या ज्ञानातही असाच पालट झाला. अँटेना कोणीकडे वळवावा हे प्रत्येक गावाचे स्वतंत्र ज्ञान होते. जवळचा मनोरा ज्या बाजूस, त्या बाजूस गावचे सर्व अँटेना. आता ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहासाठी नांदेडची छत्री काय आणि लातूरची छत्री काय, आग्नेयेकडे व क्षितिजापासून सुमारे साठ अंश वर पाहते. या एकाच पेटीत सह्याद्रीबरोबर कन्नड चंदना व तेलुगू यादगिरी याही वाहिन्या येतात. देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा अशा सीमावर्ती तालुक्यांतील बहुभाषिक घरांच्या दृष्टीने हा लाभ लहान नव्हे.

६. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, प्रेक्षकाची तयारी करून देण्याची तत्परता ही त्याच्यापासून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या प्रमाणात राहिली. दोन, नांदेड-लातूरच्या प्रेक्षकाने हे संक्रमण मुख्यतः स्वतःच्या खर्चाने व गावच्या कारागिराच्या साहाय्याने पार पाडले. तीन, अधिकृत परिभाषा व लोकभाषा यांतील अंतर हा स्वतंत्र अडथळा होता, आणि तो दूर करण्यास पैसा नव्हे तर केवळ विवेक लागला असता.

हा विषय गतकाळाचा नाही. मोबाइल संचावर थेट प्रक्षेपण पोहोचविण्याच्या दृष्टीने प्रसार भारतीने कानपूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेशी सहकार्य केले आहे, म्हणजे आणखी एका संक्रमणाची चाहूल लागली आहे. त्या वेळी सूचनापत्रे कोणत्या मराठीत लिहावीत, हा प्रश्न भाषाविभागांनी आतापासून हाती घ्यावयास हवा. त्याकरिता पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातील छत्री बसविणारे कारागीर, निवृत्त प्रक्षेपण कर्मचारी व वयस्क प्रेक्षक यांच्याकडून या चाळीस वर्षांची शब्दसंपदा टिपून ठेवावी. बंद पडलेल्या मनोऱ्यांची यंत्रे मोडीत जातील. ती वापरणाऱ्यांचे शब्द मात्र अद्याप गोळा करता येण्याजोगे आहेत.