उलट फिरायचं नाही!

खो-खोचे नियम पुण्यात बसवले गेले, हे पुण्यातच जन्म काढलेल्या पुष्कळ मंडळींना ठाऊक नसतं. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये ते तयार केले. त्याआधी खो-खो नव्हता असं नाही. पोरं खेळत होतीच, पण ज्याच्या त्याच्या पद्धतीने. जिमखान्याच्या मंडळींनी ते कागदावर आणलं. पुढे मैदानाची मापं, डावाची वेळ, गुण यांत बरेच बदल झाले, गाभा मात्र टिकला.

हा गाभा बारकाईने पाहण्यासारखा आहे. साधी शिवाशिवी घ्या. जो जोरात पळतो तो जिंकतो, संपला खेळ. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला पार जखडून टाकलंय. एका दिशेला निघालास की खांबापर्यंत तिकडेच जायचं, उलट फिरायचं नाही. मधली पाटी ओलांडायची नाही. पळणाऱ्याला मात्र मोकळं रान, तो बसलेल्या आठ गड्यांच्या मधून हवा तसा इकडून तिकडे जातो. एवढा अन्याय केल्यावर पाठलाग करणाऱ्याच्या हाती एकच शस्त्र दिलं. बसलेल्या गड्याला मागून हात लावून ‘खो’ म्हणायचं आणि त्याच्या जागी बसायचं. ते आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, त्यामुळे खो कुणाला दिला यावर हल्ला कुठल्या बाजूने होणार ते ठरतं. बस्स, एवढंच.

एवढ्याशा बंधनांतून केवढा खेळ उभा राहिला पाहा! पळणारे साखळीने खेळतात, पण साखळी कशी खेळायची हे काही नियमांत सांगितलेलं नाही. हुलकावणी, खांबाजवळची झेप, खो देतोय असं भासवून पुढे निघून जाणं, हे सगळं खेळाडूंनीच नियमांच्या फटींतून शोधून काढलं.

हे आज आठवायचं कारण म्हणजे आमची नात. ती संगणकावरचे खेळ बनवायला शिकते आहे. (नातेवाईकांपैकी ज्यांनी फोनवर “खेळायला नाही, बनवायला? आणि त्याचंही शिक्षण असतं?” असं विचारलं, त्यांच्यासाठीच हा लेख आहे असं समजा.) तिच्या तोंडी सारखा एक शब्द असतो, ‘मेकॅनिक’. माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा स्कूटर दुरुस्त करणारा उभा राहिला! तिच्या भाषेत त्याचा अर्थ असा, की खेळणाऱ्याला काय करता येतं, काय करता येत नाही, आणि केल्यावर काय घडतं. चित्रं, संगीत, गोष्ट नंतर. म्हणजे ‘खो’ देणं हे एक मेकॅनिक. मग १९१४ साली डेक्कन जिमखान्यावर काय चाललं होतं?

संगणकाकडे या विद्येतला सुरुवातीच्या काळातला एक खेळ एका स्वाध्यायातून आला, हे मला शिक्षिका म्हणून फार आवडलं. १९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीच्या नोलन बुशनेल यांनी नव्याने लागलेल्या अ‍ॅलन अल्कॉर्न या इंजिनिअरला सराव म्हणून एक साधा खेळ करायला दिला. पडद्यावर दोन फळ्या आणि एक चेंडू. अल्कॉर्न यांनी फळीचे आठ भाग केले. चेंडू कुठल्या भागावर आदळतो त्यावर तो कुठल्या कोनात परतणार ते ठरे. टोलवाटोलवी लांबली की वेग वाढे. सर्किटमधल्या एका दोषामुळे फळ्या पडद्याच्या अगदी वरपर्यंत पोचत नव्हत्या. तो दोष त्यांनी तसाच ठेवला, नाहीतर दोन तरबेज खेळाडूंचा खेळ कधी संपलाच नसता. हाच तो ‘पाँग’. पुन्हा तेच, अडवणुकीतून आलेली गंमत.

पुण्यात ही विद्या आली ती नोकरीच्या वाटेने. गेमलॉफ्ट कंपनीचा इथला स्टुडिओ २००८ मध्ये युबिसॉफ्टने घेतला. दुसरीकडे आखलेले खेळ निराळ्या यंत्रांवर बसवायचे, तपासायचे, अशा कामांवर इथल्या मुलांचा हात बसला. त्याला कमी लेखू नये. मी आयुष्यभर वह्या तपासल्या आहेत, दुसऱ्याची चूक शोधताना आपलं शिक्षण होतं.

पण स्वतः नियम बसवायचे ही गोष्ट वेगळी. २०१७ मध्ये श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स ही छोटी कंपनी काढली आणि ‘राजी’ हा खेळ करायला घेतला. किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ठरवलेली रक्कम जमली नाही. तेव्हा श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. फ्लॅट विकणं म्हणजे काय, हे आपल्यासारख्यांना समजावून सांगायला नको. मी हे नातीला मुद्दाम सांगितलं, तर तिला ते आधीच माहीत होतं! २०२० च्या ऑगस्टमध्ये ‘राजी’ आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं.

राजी ही कसरती करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला असुरांनी पळवलंय, त्याला ती शोधते. तिला भिंतीवर धावत चढून झेप घेता येते, खांब धरून गरकन फिरून शत्रूंना उडवता येतं. मला त्यात आपला मल्लखांबच दिसला, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवा जन्म दिला तो. (हे माझं पाहणं, बनवणाऱ्यांचं म्हणणं नव्हे.) खांब तिथे नुसता नक्षीसाठी उभा नाही, त्याचं काहीतरी करता येतं, हे महत्त्वाचं. लढाया पुढे जरा एकसुरी होतात असं नातीचं मत आहे.

ती स्वतः शिकते आहे ते याहून बारीक. एकदा तिने दोन आठवडे नुसत्या उडीवर घालवले. खेळणारा काठावरून उडी मारायला जातो आणि कळ दाबायला निमिषभर उशीर होतो. संगणकाच्या हिशेबाने तो पडला. खेळणाऱ्याला मात्र “मी काठावरच होतो” असं वाटतं आणि तो चिडतो. म्हणून काठ सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग उडी मान्य करायची. कार्टूनमधला कायोटी कडा संपल्यावरही क्षणभर हवेतच उभा राहतो, त्याचंच नाव या युक्तीला आहे. उलट, पाय जमिनीला टेकायच्या आधीच कळ दाबली तर ती लक्षात ठेवायची आणि पाय टेकताच उडी द्यायची. खेळणाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त आपण चपळ आहोत असं वाटतं! ‘वेळ वाया घालवते’ म्हणणाऱ्यांनी ते दोन आठवडे तिच्या शेजारी बसून पाहावेत.

सध्या ती पडद्यावर खो-खो मांडते आहे. सुरुवातीला संगणकाचा गडी कुणालाच सोडेना. पळणारा कुठे आहे हे त्याला क्षणोक्षणी कळतं, तो हुलकावणीला फसेल कसा? मग तिने त्याला सगळं पाव सेकंद उशिरा दिसेल अशी व्यवस्था केली. आता तो माणसासारखा फसतो.

आता वाद ‘वजिरा’वरून आहे. २०२२ मध्ये आपल्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग झाली, तिच्यात वजीर नावाचा नवा गडी आला. पाठलाग करताना त्याला दिशेचं बंधन नाही, वाटेल तेव्हा उलट फिरतो. खेळ वेगवान होतो, टीव्हीवर छान दिसतो, पण पळणाऱ्याची सगळी हुशारी त्या एका बंधनावर उभी होती. मी म्हटलं, वजीर काढून टाक. ती म्हणाली, “आजी, आधी दहा डाव खेळून बघ, मग बोल.”

सहा झालेत.