लग्नसराईआधी केस रंगवताय, स्ट्रेट करताय? आधी हे वाचा

तुळशीचे लग्न पार पडले की लग्नसराई सुरू होते आणि पार्लरमध्ये नंबर लावावा लागतो. कोणाला पांढरे केस झाकायचे असतात, कोणाला केराटिन करायचे असते, कोणाला हायलाइट्स. हौस करूच नका असे सांगण्यासाठी हा लेख नाही. पण याच दिवसांत सुजलेले डोळे आणि कानामागे पाणी सुटलेली पुरळ घेऊन येणारे रुग्ण फॅमिली डॉक्टरकडे वाढतात, आणि यातला बराचसा त्रास टाळता येण्यासारखा असतो.

केसाचा आपल्याला दिसणारा भाग मृत असतो. तो कापला, जाळला, रंगवला तरी शरीराला कळत नाही. त्याखालची त्वचा मात्र जिवंत आहे, तिथे लागलेली रसायने ती शोषून घेते. त्यामुळे कोणताही नवा लूक ठरवताना पहिला प्रश्न हा विचारावा: डोक्याच्या त्वचेला नेमके काय लागणार आहे?

काळी मेंदी म्हणजे मेंदी नव्हे

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते आणि ते केसांना केशरी-तांबूस रंग देते. काळा नाही. मेंदीनंतर नीळ लावून काळपट रंग आणता येतो, पण त्याला दोन टप्पे आणि बराच वेळ लागतो. म्हणून अर्ध्या तासात केस काळेभोर करणारी पूड 'मेंदी' किंवा 'हर्बल' या नावाने विकली जात असली, तरी त्यात बहुधा पॅरा-फिनिलीन डायअमीन, म्हणजे पीपीडी मिसळलेले असते. बहुतेक कायमस्वरूपी हेअर डायमध्येही हेच रसायन किंवा त्याचे जवळचे भावंड असते. 'अमोनिया-फ्री' लिहिलेल्या डब्यातही ते असू शकते. अमोनिया नसल्याने वास कमी येतो, ॲलर्जीचा धोका कमी होतो असे नाही.

पीपीडीची ॲलर्जी फसवी असते. एक तर ती लगेच दिसत नाही. रंग लावल्यावर साधारण एक ते तीन दिवसांनी खाज, लाली, पुरळ सुरू होते, आणि डोक्यापेक्षा पापण्या, कपाळ, कान आणि मान यांवर ती जास्त उमटते, कारण तिथली त्वचा नाजूक असते. गुरुवारी केस रंगवले तर शनिवारी हळदीच्या दिवशी डोळे उघडत नाहीत, असा हा हिशेब आहे. घरच्यांना मग वाटते की हळद बाधली.

दुसरे म्हणजे, "मी दहा वर्षे हाच रंग लावते, मला काही होत नाही" हे वाक्य इथे उपयोगाचे नाही. ही ॲलर्जी वारंवार संपर्काने तयार होते, त्यामुळे अकराव्या वर्षीही सुरू होऊ शकते. आणि एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. मागच्या वेळी कानामागे थोडी खाज आली होती, ती आपोआप गेली, असे ज्यांना आठवते त्यांनी ती सूचना समजावी. पुढची वेळ अधिक जोरात येते. जत्रेत किंवा सहलीला हातावर काढलेल्या काळ्या मेंदीच्या टॅटूवर फोड आले असतील, तर त्यांनी डाय घरी तपासूनही पाहू नये, थेट त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी.

बाकी सगळ्यांनी डब्यावरची सूचना पाळावी. रंग लावण्याच्या किमान ४८ तास आधी, सांगितल्याप्रमाणे थोडासा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहायचा. खाज, लाली, फोड यांपैकी काहीही दिसले तर तो डबा टाकून द्या. ब्रँड बदलला की चाचणी पुन्हा करायची. पार्लरमध्ये रंगवून घेणार असाल तर दोन दिवस आधी जाऊन तोच रंग लावून घ्या. हे सहसा कोणी सुचवत नाही, पण मागितले तर नकारही देत नाहीत.

केराटिन, स्मूदनिंग, बोटॉक्स: नावे अनेक

केस सरळ करण्याच्या पद्धती ढोबळमानाने दोन आहेत. रिबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेटसारख्या रसायनाने केसांतल्या प्रथिनांचे बंध तोडतात आणि सरळ स्थितीत पुन्हा जोडतात. इथे मुख्य धोका त्वचा भाजण्याचा आणि केस तुटण्याचा. दुसऱ्या पद्धतीत केसांवर क्रीम किंवा द्रव लावून साधारण २०० अंश सेल्सिअसच्या इस्त्रीने तो पक्का करतात. हेच केराटिन ट्रीटमेंट. 'हेअर बोटॉक्स' हाही बहुधा यातलाच प्रकार. त्यात बोटॉक्सचे इंजेक्शन नसते.

या दुसऱ्या प्रकारात पूर्वी सर्रास फॉर्मल्डिहाइड असे. गरम इस्त्री फिरली की त्याचा वायू होतो, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, दम्याच्या रुग्णाला झटका येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. वर्षातून एकदा जाणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा बंद एसी खोलीत रोज चार-पाच डोक्यांवर इस्त्री फिरवणाऱ्या मुलीला याची झळ कितीतरी जास्त बसते. तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

आता डब्यांवर 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' असते आणि आत बऱ्याचदा ग्लायऑक्झिलिक ॲसिड. तापवल्यावर त्यातूनही फॉर्मल्डिहाइड निघू शकते. पण अलीकडे त्याहून वेगळी अडचण पुढे आली आहे: मूत्रपिंड.

मार्च २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची नोंद प्रसिद्ध झाली. २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये तिने केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा त्यानंतर उलट्या, जुलाब, ताप, पाठदुखी झाली. क्रिआटिनिन वाढलेले आढळले, म्हणजे मूत्रपिंडाचे काम घटले होते. ट्रीटमेंटच्या वेळी डोक्याची आग झाली होती आणि तिथे जखमाही झाल्या होत्या. डॉक्टरांनी तीच क्रीम उंदरांच्या पाठीवर लावून पाहिली, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. ग्लायऑक्झिलिक ॲसिड त्वचेतून आत जाते, शरीरात त्याचे ऑक्झलेट बनते आणि त्याचे खडे गाळणीत अडकतात, असा हा मार्ग दिसतो. त्याआधी २०२३ मध्ये इस्रायलच्या डॉक्टरांनी स्ट्रेटनिंगनंतर मूत्रपिंडाला इजा झालेल्या २६ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली होती. बहुतेक जणी बऱ्या झाल्या, काहींना तात्पुरते डायलिसिस लागले.

केराटिन करणाऱ्या स्त्रियांच्या संख्येपुढे हे रुग्ण थोडेच आहेत, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ट्रीटमेंटनंतर दोन-तीन दिवसांत उलट्या, कंबरदुखी किंवा लघवी कमी होणे सुरू झाले, तर 'ॲसिडिटी असेल' म्हणून गोळी घेऊन बसू नका. डॉक्टरांना केसांच्या ट्रीटमेंटबद्दल आपण होऊन सांगा. आम्ही ते विचारतोच असे नाही. क्रिआटिनिनच्या साध्या रक्ततपासणीतून लगेच कळते.

आधीच मूत्रपिंडाचा आजार असेल, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर या प्रकारची ट्रीटमेंट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इतरांनी निदान बाटलीवरचे घटक वाचावेत, द्रव मुळापासून बोटभर दूर लावायला सांगावे, आणि आग होऊ लागली की "थोडे सहन करा" ऐकून न घेता लगेच धुवायला लावावे. डोक्यात कोंड्याने खाजवून झालेल्या जखमा, सोरायसिस किंवा फोड असतील तर आधी ते बरे करा. रंग आणि स्ट्रेटनिंग एकाच दिवशी तर नकोच.

केस आधीच गळत असतील तर

पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू, चिकुनगुन्या, टायफॉइडची साथ असते. अशा मोठ्या तापानंतर दोन ते तीन महिन्यांनी भराभर केस गळतात, कारण तापाच्या धक्क्याने वाढणारे बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि ती अवस्था साधारण तीन महिन्यांची असते. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरचा ताप नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कंगव्यात दिसतो. तोपर्यंत ताप विसरलेला असतो, दोष पाण्याला किंवा शाम्पूला जातो. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळणारे केसही याच जातीचे.

रोज ५० ते १०० केस गळणे नॉर्मल आहे. तापानंतरची गळती त्याहून बरीच जास्त असते, पण सहसा सहा महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात, फक्त वाढीचा वेग महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर असल्याने धीर लागतो. अशा काळात स्ट्रेटनिंग टाळा. छोटा कट हा त्यावरचा सर्वात चांगला आणि स्वस्त उपाय, विरळपणाही कमी दिसतो. गळती लांबली तर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्या. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर रक्त देण्यापूर्वी तसे सांगा, कारण तिच्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

ओढून बांधलेला अंबाडा, त्यावर गंगावन आणि भरगच्च गजरे, हे एका दिवसापुरते ठीक. रोजच घट्ट ओढून केस बांधले तर कपाळावरची केसांची रेषा मागे सरकते, आणि वर्षानुवर्षे तसे राहिले तर तिथे केस परत येत नाहीत. पुरुषांनी सलूनमध्ये नवे ब्लेड मागावे आणि मशीन पुसून घ्यायला सांगावे, गजकर्ण त्यातूनही पसरते.

थांबू नये अशी लक्षणे

रंग लावल्यावर काही मिनिटांत ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर १०८ ला फोन करा किंवा जवळचे रुग्णालय गाठा. दोन दिवसांनी फक्त पुरळ आणि पापण्यांची सूज आली असेल तर सौम्य शाम्पूने केस भरपूर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून आणलेले मिक्स क्रीम चेहऱ्यावर चोळू नका. बऱ्याचदा स्टिरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स लागतो, आणि तो मधुमेह, रक्तदाब पाहूनच द्यावा लागतो. येताना डबा किंवा घटकांच्या यादीचा फोटो सोबत आणा. हेअर डायची उरलेली पाकिटे लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा. हे रसायन पोटात गेले तर काही तासांतच गळा सुजून श्वास अडकतो आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, त्यामुळे अशा वेळी घरी उलटी करवत न बसता थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचे.