स्फटिकांची साक्ष : खनिज-विश्लेषणाच्या इतिहासातील एका गृहीतकाची कथा

ज्वालामुखीच्या उदरात काय चालले आहे हे मनुष्यास डोळ्यांनी पाहता येत नाही. विवरातून बाहेर येतो तो लाव्हा. त्याच्या तळाशी अनेक किलोमीटर खोल साठलेला शिलारस कधीच दृष्टीस पडत नाही. तरीही त्याचे तपमान, त्यावरील दाब, त्यात विरघळलेले पाणी, इतकेच नव्हे तर उद्रेकापूर्वी तो किती काळ थांबला होता, हे आज बऱ्याच विश्वासाने सांगितले जाते. या ज्ञानाचा मुख्य आधार म्हणजे लाव्हाबरोबर वर आलेले लहान लहान स्फटिक. प्रस्तुत लेखात या स्फटिकांच्या साक्षीचा इतिहास थोडक्यात पाहावयाचा आहे. हा इतिहास सामान्यतः उपकरणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु उपकरणांइतकेच महत्त्व एका गृहीतकाच्या उदयास आणि अस्तास आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ते गृहीतक असे : ज्या खडकात स्फटिक सापडतो, त्याच खडकाच्या द्रवातून तो जन्मास आला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मूळ वाद स्फटिकांचा नव्हता, खडकांच्या उत्पत्तीचा होता. फ्रायबर्ग येथील खाणविद्यालयात १७७५ पासून अध्यापन करणारा वेर्नर हा बेसाल्ट पाण्यातून निक्षेपित झाला असे मानी. त्याच्या मते ज्वालामुखी म्हणजे भूमीखाली जळणाऱ्या कोळशाचा परिणाम होय. उलटपक्षी, फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रांतात निकोला देमारे याने १७६३ मध्ये बेसाल्टचे स्तंभ पाहिले आणि त्यांचा जुन्या लाव्हाप्रवाहांशी संबंध जोडला. वेर्नरच्या अनुयायांचा एक आक्षेप मात्र बिनतोड वाटे. खडक वितळवून थंड केला तर काच होते, मग स्फटिकमय बेसाल्ट अग्नीतून निर्माण झाला असे कसे म्हणावे?

या आक्षेपाचे उत्तर एडिंबरोच्या सर जेम्स हॉल याने दिले. लीथ येथील काचेच्या भट्टीत काच सावकाश निवाल्यामुळे ती दगडासारखी अपारदर्शक झाल्याचे त्याच्या कानी आले होते. त्यावरून त्याने स्थानिक काळा खडक भट्टीत वितळविला. झटपट थंड केल्यास त्याची काच झाली. हळूहळू थंड केल्यास कण दिसू लागले. त्याचा गुरुतुल्य मित्र जेम्स हटन यास मुशीतील प्रयोगांवरून पृथ्वीविषयी निष्कर्ष काढणे मान्य नव्हते. म्हणून हटनच्या हयातीत हॉलने हे प्रयोग प्रसिद्ध केले नाहीत. १७९८ मध्ये, म्हणजे हटनच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, ते विद्वानांपुढे आले. स्फटिकाचा आकार ही निवण्याच्या वेगाची खूण आहे हा पहिला सिद्धांत येथे हाती आला.

दुसरी पायरी हेन्री क्लिफ्टन सॉर्बी याची. शेफील्डच्या या अभ्यासकाने खडकाचे इतके पातळ छेद घासून तयार केले की त्यांतून प्रकाश आरपार जाऊ लागला. पर्वताचा अभ्यास सूक्ष्मदर्शकाने करणे तेव्हा हास्यास्पद समजले जाई. परंतु १८५८ च्या आपल्या निबंधात त्याने दाखविले की स्फटिक वाढत असता भोवतीच्या द्रवाचे थेंब आपल्या पोटात कोंडून घेतो. पाण्यातून वाढलेल्या स्फटिकात पाणी सापडते. वितळलेल्या खडकातून वाढलेल्या स्फटिकात काच सापडते. अग्नी की जल हा जुना तंटा अशा रीतीने एका स्फटिकाच्या पोटातच मिटला. या काचबिंदूंचे खरे मोल मात्र पुढे शंभर वर्षांनी कळले. उद्रेकाच्या वेळी दाब कमी होताच शिलारसातील बाष्प व वायू निसटून जातात. स्फटिकाने कोंडलेल्या थेंबातून ते सहजी निसटत नाहीत. शिलारसात किती पाणी आणि किती कार्बन डाय-ऑक्साइड विरघळू शकतो हे दाबावर अवलंबून असते. म्हणून थेंबातील प्रमाण मोजले की तो कोणत्या खोलीवर कोंडला गेला याचा अंदाज बांधता येतो.

तिसरी पायरी रासायनिक. गॅलापागोस बेटांवरील एका लाव्हाप्रवाहात स्फटिक तळाशी अधिक दाटलेले डार्विनने पाहिले होते. जड स्फटिक खाली बुडाल्याने उरलेल्या द्रवाचे रसायन बदलत जाईल, हा विचार त्याने १८४४ मध्ये मांडला. त्यास प्रयोगाचे अधिष्ठान मिळाले ते वॉशिंग्टन येथील कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत. नॉर्मन बोवेन तेथे खनिजांचे मिश्रण ठराविक तपमानावर धरून ठेवी आणि मग ते एकाएकी पाऱ्यात टाकून गोठवी. त्या क्षणी किती द्रव होता व किती स्फटिक, हे त्यावरून कळे. प्लॅजिओक्लेज या खनिजाचे चुनायुक्त टोक सुमारे १५५० अंशांवर वितळते, तर सोडियमयुक्त टोक सुमारे ११०० अंशांवर. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आलेखावरून निवणाऱ्या द्रवातून प्रथम चुनायुक्त स्फटिक का येतात आणि क्रमाने सोडियम का वाढतो, हे स्पष्ट झाले. १९२८ च्या त्याच्या ग्रंथाने हा विचार सर्वत्र रुजविला.

बोवेनच्या या भव्य रचनेतच पूर्वोक्त गृहीतक दृढ झाले. स्फटिक आणि द्रव समतोलात आहेत असे मानले, तर स्फटिकाच्या रसायनावरून द्रवाचे तपमान गणिताने काढता येते. ही पद्धती चुकीची नव्हती व आजही वापरात आहे. परंतु एक गोष्ट तिच्यात नीट बसत नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळ प्लॅजिओक्लेज स्फटिकांत झाडाच्या खोडासारखी वलये दिसत, आणि त्यांचा क्रम नेहमी सरळ नसे. चुनायुक्त गाभ्याभोवती सोडियमयुक्त किनार ही अपेक्षित रचना. पण कित्येकदा मध्येच पुन्हा चुनायुक्त वलय येई, कधी आतील भाग विरघळल्याच्या खुणा दिसत. एकसारख्या निवत जाणाऱ्या द्रवात असे का घडावे?

याचे उत्तर मोजमापावाचून मिळणे कठीण होते, कारण तोवर रसायनज्ञ संपूर्ण खडक किंवा वेचलेले स्फटिक कुटून त्यांचे विश्लेषण करी. कुटल्याबरोबर वलयांचा क्रम, म्हणजे इतिहासच, नष्ट होई. १९५१ मध्ये पॅरिस विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात रेमाँ कास्तँ याने इलेक्ट्रॉनांची अतिसूक्ष्म शलाका पदार्थावर रोखून, तेथून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्ये मोजण्याचे यंत्र मांडले. मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाएवढ्या बिंदूचे विश्लेषण त्यामुळे शक्य झाले. यंत्र प्रथम धातुविज्ञानासाठी होते. खनिजविज्ञानाने ते लवकरच आपलेसे केले. आता वलयामागून वलय वाचता येऊ लागले.

वाचता वाचता गृहीतक ढासळले. एकाच मूठभर लाव्हात दोन अगदी भिन्न शिलारसांत वाढलेले स्फटिक शेजारी शेजारी आढळू लागले. १९७७ मध्ये स्पार्क्स, सिगुर्ड्सन व विल्सन यांनी आइसलँडमधील आस्क्या ज्वालामुखीच्या १८७५ च्या उद्रेकाचा दाखला देऊन असे मांडले की, खालून आलेला तप्त बेसाल्टी शिलारस वरच्या थंड, सिलिकायुक्त साठ्यात घुसणे हेच स्फोटक उद्रेकाचे निमित्त ठरू शकते. फिलिपाइन्समधील पिनातुबोच्या १५ जून १९९१ च्या महाउद्रेकापूर्वी, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, विवरात जो लाव्हा साचला तोही मिश्र होता आणि त्यात बेसाल्टचे तुकडे होते. तेथेही असाच शिरकाव झाला असावा, असे अनुमान अभ्यासकांनी काढले.

भाषेच्या अभ्यासकास ही स्थिती अपरिचित वाटू नये. एखाद्या भाषेतील सर्व शब्द त्याच भाषेत जन्मले असे धरून तिचा इतिहास लिहू गेल्यास अनर्थ ओढवतो. तत्सम, तद्भव, फारसी, पोर्तुगीज असे थर आधी वेगळे करावे लागतात, मगच शब्द साक्ष देतो. उसना शब्द निरुपयोगी नसतो. उलट, दोन समाजांची गाठ कोठे पडली हे तोच सांगतो. परका स्फटिकही तसाच. यजमान लाव्हाविषयी तो विश्वासार्ह नाही, पण दोन शिलारसांच्या भेटीचा साक्षी तोच आहे.

भेट कधी झाली, हेही तो सांगतो. दोन वलयांच्या सीमेवर रसायनाची पायरी असते. स्फटिक तप्त असेपर्यंत अणू इकडून तिकडे सरकतात आणि ती पायरी झिजून उतार बनतो. उद्रेकानंतर खडक निवताच हे विसरण थांबते. उतार किती झिजला यावरून काळ काढता येतो. सँटोरिनी बेटावरील कांस्ययुगीन महास्फोटाच्या प्लॅजिओक्लेज स्फटिकांवरून २०१२ मध्ये टिमथी ड्रुइट व त्याच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, हजारो वर्षांच्या शांततेनंतर नवा शिलारस उद्रेकापूर्वीच्या सुमारे शंभर वर्षांत, आणि काही अंशी अखेरच्या काही महिन्यांत, साठ्यात आला. कोस्टा रिकामधील इराझू ज्वालामुखीच्या १९६३ ते १९६५ च्या उद्रेकातील ऑलिव्हीन स्फटिकांत निकेलची वलये टिकून होती. त्यावरून २०१३ मध्ये प्रावरणापासून भूपृष्ठापर्यंतचा प्रवास काही महिने ते काही वर्षे एवढ्यातच झाल्याचे अनुमान निघाले.

या घड्याळावर विश्वास किती ठेवावा? विसरणाचा वेग तपमानावर फार अवलंबून असतो. तपमानात थोडी चूक झाली तरी काळात मोठी चूक होते. म्हणून स्वतंत्र पुराव्याशी ताळा घेणे आवश्यक ठरते. बखर आणि अस्सल कागद यांतील भेद महाराष्ट्रातील इतिहासाभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. सेंट हेलेन्सच्या १९८० ते १९८६ या काळातील उद्रेकांत असा अस्सल कागद उपलब्ध होता. भूकंपांच्या व वायूंच्या नोंदी तेव्हा ठेवल्या जात होत्या. २०१२ मध्ये केट सॉंडर्स व इतरांनी पायरोक्सीन स्फटिकांच्या किनारींवरून वाढीचे काळ काढले, आणि त्यांतील भर भूकंपांच्या व वायूंच्या वाढीशी जुळली. माझ्या मते या शास्त्राच्या इतिहासातील हा कसोटीचा क्षण होय.

याच सुमारास दुसरा एक प्रश्न उभा राहिला. ऑरेगनमधील माउंट हूडच्या स्फटिकांवरून कूपर व केंट यांनी २०१४ मध्ये दाखविले की, किमान २१ हजार वर्षांच्या आयुष्याचा फार मोठा भाग त्या स्फटिकांनी अशा थंड स्थितीत काढला, की तेव्हा तो साठा उद्रेकक्षम द्रव नव्हताच. तेव्हा स्फटिकाचे वय आणि शिलारसाचे वय या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हा भेद आपल्या दारातील खडकांसही लागू आहे. दख्खनच्या बेसाल्टास 'ट्रॅप' हे नाव मिळाले ते जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. सह्याद्रीच्या पायऱ्या पाहणाऱ्यास त्याचे औचित्य पटेल. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या या थरांत, थळ घाटासारख्या ठिकाणी, कित्येक सेंटिमीटर लांबीच्या प्लॅजिओक्लेज स्फटिकांनी भरलेले प्रवाह आहेत. एवढे स्फटिक वाढण्यास किती काळ लागला यावरून उद्रेकांचा कालावधी ठरविण्याचा प्रयत्न २००६ मध्ये झाला. परंतु ते स्फटिक खोल साठ्यात आधीच वाढून राहिलेले असतील, तर त्यांच्या वाढीचा काळ दोन उद्रेकांमधील काळ ठरेलच असे नाही. २०१९ मध्ये दोन संशोधक-गटांनी दख्खनचा कालक्रम स्वतंत्रपणे मांडला. एकाने लाव्हाथरांमधील थरांतून मिळालेले झिर्कॉन वापरले, दुसऱ्याने लाव्हातील प्लॅजिओक्लेज. पहिल्यास उद्रेकांचे चार आवेग दिसले. दुसऱ्यास उद्रेक पुष्कळसे सलग दिसले आणि बहुतांश लाव्हा क्रिटेशस युगाच्या अखेरीनंतरचा वाटला. डायनोसॉरांच्या विनाशात दख्खनचा वाटा किती, हा प्रश्न या भेदावर अवलंबून आहे. आणि हा भेद काही अंशी, कोणता स्फटिक कशाचा साक्षी मानावा, या जुन्याच प्रश्नाचा आहे.

एक मर्यादा येथे नोंदविली पाहिजे. स्फटिक हाती येतात ते उद्रेक झाल्यानंतर. पिनातुबोच्या परिसरातील हजारो लोक वेळेवर हलविले गेले ते भूकंपांच्या व वायूंच्या नोंदींवरून, स्फटिकांवरून नव्हे. स्फटिकांचे काम निराळे आहे. मागील उद्रेकापूर्वी शिलारस किती अगोदर हलू लागला होता हे ते सांगतात. त्यामुळे पुढच्या वेळी भूमी हादरू लागली असता हाती दिवस आहेत, महिने आहेत की वर्षे, याचा अंदाज अधिक सावधपणे करता येतो. साक्षीदार खरे बोलतो की नाही एवढेच पाहून भागत नाही. तो कोठून आला आणि त्याने प्रत्यक्ष काय पाहिले, हेही विचारावे लागते. दोन शतकांच्या या संशोधनात खनिजशास्त्राने कमाविलेली ही सावधगिरी इतिहासाच्या कोणत्याही विद्यार्थ्यास उपयोगी पडेल.