विमानाचें छायाचित्र : कॅमेरा व भिंग यांच्या निवडीची कथा

ओटो लिलिएन्थाल या जर्मन इंजिनियरानें वाळुंजाच्या फोकांवर कापड ताणून केलेल्या पंखांच्या आधारें हवेंत तरंगण्यास आरंभ केला तो १८९१ सालीं. त्यापूर्वीं सात वर्षें, म्हणजे १८८४ सालीं, ओटोमार आन्शुट्झ नांवाच्या दुसऱ्या एका जर्मन गृहस्थानें उडत्या करकोच्यांचीं छायाचित्रें घेतलीं होतीं. मनुष्याच्या डोळ्यास पंखांची फडफड दिसते, परंतु एखाद्या क्षणीं पंख नेमका कसा वळलेला आहे तें दिसत नाहीं. तें दिसावयाचें तर कांचेवर प्रकाश पडण्याचा अवधि सेकंदाच्या एक हजारांशापर्यंत खालीं आणावा लागतो. आन्शुट्झनें १८८८ सालीं ज्या शटरचें पेटंट घेतलें त्यांत ही सोय होती. कांचेच्या अगदीं पुढें एक पडदा, पडद्यास एक अरुंद फट, आणि ती फट स्प्रिंगच्या जोरानें झर्रकन् सरकून जावयाची, एवढीच त्याची रचना. पुढें १८९३-९४ च्या सुमारास याच आन्शुट्झनें लिलिएन्थालचीं उड्डाणें टिपलीं. करकोच्यावर तयार झालेला हात माणसावर चालला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या चित्रांचें महत्त्व केवळ कौतुकाचें नव्हतें. लिलिएन्थाल १८९६ च्या ऑगस्टांत पडून मरण पावला, तरी त्याच्या उड्डाणांविषयीं कोणासहि शंका राहिली नाहीं, कारण कांचा साक्षीला होत्या. याच सुमारास, १८९५ सालीं, मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनीं विमान उडविल्याची कथा महाराष्ट्रांत मोठ्या अभिमानानें सांगितली जाते. परंतु त्या उड्डाणाचें एकहि छायाचित्र पुढें आलेलें नाहीं, आणि चित्रावांचून ती कथा कथाच राहिली आहे. इतिहासाचा हा निर्दयपणा विमानाच्या नादीं लागलेल्या लोकांनीं फार लवकर ओळखला. राइट बंधूंनीं तर निश्चितच ओळखला होता.

राइट बंधूंचा कॅमेरा गुंडलाख कंपनीचा ‘कोरोना’ जातीचा, पांच इंच बाय सात इंच कांचेचा, तिवईवर बसवावयाचा होता. १७ डिसेंबर १९०३ रोजीं किटी हॉकजवळच्या वाळूंत ऑर्व्हिलनें तो एकाच जागीं रोखून ठेवला. धांवपट्टीचा रूळ जेथें संपतो त्याच्या पुढें विमान जमीन सोडील, असा त्याचा अंदाज होता. मग त्यानें किनाऱ्यावरील जीवरक्षक दलाच्या जॉन डॅनियल्स याच्या हातीं शटरचा रबरी फुगा दिला, आणि विमान त्या ठिकाणीं आलें कीं फुगा दाबावयास सांगितलें. त्या गृहस्थास कॅमेऱ्याची काडीइतकीहि माहिती नव्हती. गडबडींत आपण फुगा दाबला कीं नाहीं हेंहि त्याला नीट सांगतां येईना. डेटनला परत जाऊन कांच धुतल्यावर मात्र जगांतील एक अत्यंत प्रसिद्ध चित्र त्यांतून बाहेर आलें. यंत्र जमिनीपासून सुटलेलें आहे, आणि विल्बर बाजूला धांवतां धांवतां थबकला आहे.

असल्या अवजड पेटीनें हें कसें साधलें? त्याचें उत्तर साध्या गणितांत आहे. तें उड्डाण बारा सेकंदांत एकशें वीस फूट झालें. समोरून वाऱ्याचा जबर झोत असल्यामुळें जमिनीच्या हिशेबानें विमानाचा वेग सेकंदाला सरासरी दहा फूट, म्हणजे धांवत्या माणसाहूनहि कमी होता. डॅनियल्ससमोर आजचें एखादें जेट आलें असतें तर कांचेवर वाळू आणि आकाश याखेरीज कांहींच उमटलें नसतें. विमानें वेगवान् होऊं लागलीं तसतसा तिवईचा काळ संपला, आणि कॅमेरा हातांत धरून विमानाबरोबर फिरविण्याचा काळ आला.

आन्शुट्झच्या फटीच्या पडद्याला तेव्हां खरा भाव आला. पण त्याचा दोषहि तेव्हांच उघडकीस आला. फट एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जाते, म्हणजे चित्राचा एक भाग अगोदर व दुसरा मागाहून उमटतो, आणि तेवढ्या अवधींत वस्तु पुढें सरकलेली असते. फ्रान्समध्यें झाक लार्तीग नांवाचा श्रीमंताघरचा मुलगा (जन्म १८९४) लहानपणापासून विमानांच्या मागें वेडा होता. त्याचा थोरला भाऊ घरच्या आवारांत ग्लायडर बांधी आणि हा त्याचीं चित्रें काढी. पॅरिसजवळच्या ईसी येथील मैदानावर तो वैमानिकांच्या मागें मागें हिंडे. १९१२ सालची म्हणून प्रसिद्ध असलेली त्याची एक तसबीर मोटारींच्या शर्यतीची आहे. तिच्यांत गाडीचें चाक अंड्यासारखें लांबट होऊन एका बाजूस कललें आहे, आणि रस्त्याकडेचे प्रेक्षक उलट दिशेस झुकले आहेत. गाडीच्या मागोमाग कॅमेरा फिरत असतां फट सरकत राहिली, त्याचा हा परिणाम. १९६३ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें लार्तीगच्या चित्रांचें प्रदर्शन भरविल्यावर लोकांना त्या तिरकसपणांत वेगाचें काव्य दिसूं लागलें. विमानाचा जातीनें अभ्यास करणाराला मात्र असलें काव्य परवडत नाहीं. त्याला पंख जितका लांब आहे तितकाच लांब हवा असतो.

दुसऱ्या महायुद्धानें या छंदास विलक्षण कलाटणी दिली. आकाशांतील विमान आपलें कीं शत्रूचें हें ओळखण्याची गरज इंग्लंडांत घरोघर निर्माण झाली. निरीक्षक-दलाला १९४१ सालीं ‘रॉयल’ ही पदवी मिळाली, आणि त्याच वर्षीं ‘दि एरोप्लेन स्पॉटर’ नांवाचें पत्र निघून विमानांच्या काळ्या छायाकृति मुलांच्या तोंडपाठ झाल्या. गंमत अशी कीं, ज्या काळांत लाखों डोळे आकाशाकडे लागले होते, त्याच काळांत लष्करी विमानाकडे कॅमेरा रोखणें हा गुन्हा होता, आणि फिल्महि मिळत नव्हती. त्यामुळें स्पॉटरांची ती पिढी वही-पेन्सिलीवर वाढली. विमानाच्या अंगावरील नोंदणीची अक्षरें टिपून घेण्याची त्यांची संवय युद्धानंतरहि सुटली नाहीं, आणि पुढें कॅमेरा निवडतांना तीच कसोटी होऊन बसली : शेपटीवरील अक्षरें वाचतां येतील काय?

या कसोटीनें भिंगाची निवड ठरूं लागली. १९२५ सालीं निघालेल्या लायकानें छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरांचें चिमुकलें चित्र रूढ केलें. पेटी खिशांत मावूं लागली खरी, पण विमान त्या चित्रांत माशीएवढें दिसूं लागलें. हिशेब असा आहे. बोइंग ७३७ च्या ८०० या जातीचें विमान सुमारें साडेएकोणचाळीस मीटर लांब असतें. तें तीनशें मीटरांवरून जात असतां पन्नास मिलिमीटर नाभीय अंतराच्या नेहमींच्या भिंगानें फिल्मवर त्याची प्रतिमा साडेसहा मिलिमीटरांची पडते. अडीचशें मिलिमीटरांचें भिंग लावल्यास ती तेहेतीस मिलिमीटरांची होऊन चौकट जवळजवळ भरते. तीनशेंचें लावल्यास नाक किंवा शेपूट बाहेर राहतें. ज्याला एकच लांबीचें भिंग आहे त्याला विमान चौकटींत बसेल त्या एका क्षणाची वाट पाहावी लागते, आणि तो क्षण हुकला कीं विमान गेलेंच. म्हणून सत्तर ते दोनशेंच्या, आणि पुढें शंभर ते चारशेंच्या, लांबी बदलणाऱ्या झूम-भिंगांवर या लोकांची भक्ति जडली. तज्ज्ञ त्या भिंगांना स्पष्टतेच्या बाबतींत नांवें ठेवीत, आणि प्रारंभीं तीं नांवें योग्यहि होतीं.

लांब भिंगानें नेम साधावयाचा तर भिंगांतून जें दिसतें तेंच डोळ्यास दिसलें पाहिजे. आरसा बसविलेल्या कॅमेऱ्यानें ही अडचण दूर केली. ड्रेस्डेनचा किने-एक्झाक्टा १९३६ सालीं आला; परंतु त्यांत डोळा वरून खालीं लावावा लागे आणि डावें-उजवें उलट दिसे. विमान उजवीकडे जात असतां हात डावीकडे वळावयाचा! १९४९ च्या कॉन्टॅक्स-एसमध्यें पंचकोनी लोलक आला, १९५४ च्या असाहीफ्लेक्समध्यें आरसा आपणहून खालीं परत येऊं लागला, आणि १९५९ च्या निकॉन-एफमध्यें हें सर्व एका मजबूत पेटींत एकत्र झालें. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षें कोणत्या कंपनीची पेटी घ्यावी याविषयीं स्पॉटरांत जेवढे वाद झाले तेवढ्यांची खरोखर जरूर नव्हती. पेटी कोणतीहि असो, चित्राचें भवितव्य फिल्मच्या हातीं होतें.

ती फिल्म म्हणजे कोडाक्रोम. तिचे रंग दशकानुदशकें टिकत, म्हणून विमानांच्या स्लाइडी जमविणारे दुसरीस सहसा हात लावीत नसत. परंतु ती फार मंद होती. १९७४ सालीं निघालेली ‘कोडाक्रोम ६४’ सुद्धां लख्ख उन्हांत, भिंगाचें छिद्र एफ ५.६ इतकें उघडें ठेवल्यास, सेकंदाच्या पांचशाव्या हिश्शाचीच मुभा देई. सूर्य ढगाआड गेला कीं संपलें. आषाढांतल्या मुंबईंत अशी फिल्म घेऊन विमानतळाच्या कुंपणाशीं उभें राहणाऱ्याची कींव करावी. सूर्य पाठीशीं पाहिजे, हा या मंडळींचा मूलमंत्र त्या फिल्मनेंच शिकविला. स्लाइडीची नक्कल मुळापेक्षां उणी उतरे, म्हणून एकाच विमानाच्या तीन-चार अस्सल स्लाइडी लागोपाठ घेऊन त्या टपालानें परदेशस्थ छंदिष्टांशीं बदलून घेण्याची चाल पडली. कोडाक्रोमचें उत्पादन २००९ सालीं बंद झालें, आणि अमेरिकेंतील कॅन्सास संस्थानांत ती धुणाऱ्या शेवटच्या प्रयोगशाळेनेंहि २०१० च्या अखेरीस तें काम थांबविलें.

फिल्मच्या मंदपणाचा एक गुण मात्र पुष्कळांच्या ध्यानांत उशीरा आला. एटीआर-७२ हें भारतांतहि लहान गांवांकडे जाणारें पंखाचें विमान घ्या. उड्डाणाच्या वेळीं त्याचा पंखा मिनिटास बाराशें, म्हणजे सेकंदास वीस फेरे करतो. शटर एक हजारांश सेकंद उघडलें तर तेवढ्यांत पंख्याचें पातें सात अंशांहून फारसें सरकत नाहीं. चित्रांत तें थिजलेलें दिसतें, आणि इंजिन बंद पडलेलें विमान आकाशांत टांगून ठेवल्याचा भास होतो. तेंच शटर सव्वाशांवा हिस्सा ठेविलें तर पातें सुमारें अठ्ठावन अंश फिरतें. नव्या एटीआरला सहा पातीं असतात, त्यांच्यामधील अंतर साठ अंशांचें. म्हणजे पुसट असें पुरें वर्तुळ उमटतें आणि विमान जिवंत होतें. हेलिकॉप्टरचा वरचा पंखा याहून पुष्कळच सावकाश फिरतो, म्हणून तेथें शटर आणखी मंद ठेवावें लागतें. परंतु इतक्या मंद शटरनें चारशें मिलिमीटरांचें भिंग हातांत स्थिर धरणें म्हणजे भरलेली घागर डोक्यावर घेऊन धांवणें होय. भिंगांतच कंप शोषून घेणारी योजना करून कॅनननें १९९८ सालीं जें शंभर-ते-चारशेंचें भिंग काढलें, त्यावर जगभरच्या स्पॉटरांच्या उड्या पडल्या त्या याच कारणानें. पुढें-मागें सरकणारी त्याची नळी पंपाप्रमाणें धूळ आंत ओढते अशी तक्रार असे. तरी तें सोळा वर्षें विकलें गेलें.

फिल्म जाऊन अंकीय कॅमेरे आले तेव्हां एक अकल्पित लाभ झाला. १९९९ च्या निकॉन डी-१ मधील प्रकाशग्राही पट्टी फिल्मच्या चौकटीच्या दीडपट लहान होती. निसर्गदृश्यें काढणारे यामुळें हळहळले, स्पॉटर आनंदले. ज्या विमानासाठीं पूर्वीं अडीचशेंचें भिंग लागे त्यास आतां सुमारें एकशें सत्तर पुरूं लागलें. २००३ सालीं कॅननचा ३००-डी हजार डॉलरांच्या आंत मिळूं लागल्यावर छंदाचा दरवाजा मध्यम वर्गासहि उघडला. तथापि भिंग कितीहि लांब केलें तरी तापलेल्या धांवपट्टीवरून उठणारी हवेची थरथर त्यास भेदतां येत नाहीं. हजारों रुपये भिंगावर घालून दुपारीं बारा वाजतां दोन किलोमीटरांवरचें विमान टिपणारास जें मिळतें, त्याहून सकाळीं सातास कुंपणाजवळ उभ्या असलेल्या साध्या कॅमेरेवाल्यास अधिक मिळतें.

आणि आन्शुट्झची फट? तीहि नाहींशी झाली नव्हती. आरसा काढून टाकलेल्या नव्या कॅमेऱ्यांत यांत्रिक पडद्याऐवजीं विजेनें एकेक ओळ वाचली जाऊं लागली, आणि विमानाच्या पंख्याचीं पातीं चित्रांत केळ्यासारखीं वांकडीं दिसूं लागलीं. लार्तीगच्या चाकाचाच हा पुनर्जन्म. सोनीनें २०२३ च्या नोव्हेंबरांत जाहीर केलेल्या ए-९ मालिकेंतील तिसऱ्या कॅमेऱ्यांत सर्व पट्टी एकाच क्षणीं वाचली जाते, त्यामुळें हा दोष तेथें उरत नाहीं. किंमत मात्र सामान्य माणसाच्या छातींत धडकी भरविणारी आहे.

उपकरणांची अडचण अशी सुटत गेली, तरी संशयाची सुटली नाहीं. भारतांत १९३७ सालच्या विमान-नियमांनीं सरकारी विमानतळावर परवानगीवांचून छायाचित्र घेण्यास मनाई केली होती. २०१० च्या फेब्रुवारींत दिल्लीच्या विमानतळाजवळील एका हॉटेलांत उतरलेले दोन इंग्रज स्पॉटर पकडले गेले आणि त्यांना एप्रिलपर्यंत सुटका पाहावयास मिळाली नाहीं. त्याहून गाजलें तें ग्रीसमधील प्रकरण. २००१ च्या नोव्हेंबरांत कालामाता येथील लष्करी तळावर बारा इंग्रज व दोन डच छंदिष्टांस अटक झाली. त्यांच्या वह्यांतील विमानांचे क्रमांक हाच हेरगिरीचा पुरावा ठरला. एप्रिल २००२ मध्यें आठ जणांस तीन वर्षांची व बाकीच्यांस एक वर्षाची शिक्षा फर्मावण्यांत आली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत वरिष्ठ न्यायालयानें सर्वांस निर्दोष सोडलें. आंकडे जमवून कोणास काय मिळतें, असा त्या न्यायाधीशांचा प्रश्न होता असें दिसतें, आणि तो अगदींच गैर नव्हता.

त्याचें एक उत्तर पुढें दोन-तीन वर्षांनीं मिळालें. जानेवारी २००४ मध्यें स्पेनच्या पाल्मा येथील विमानतळाच्या कुंपणाशीं एका स्थानिक छंदिष्टानें पांढऱ्या रंगाच्या, कोणत्याहि कंपनीचें नांव नसलेल्या एका बोइंग ७३७ विमानाचें चित्र नेहमींच्या रिवाजानें घेतलें. अंगावरील एन-३१३-पी हीं अक्षरें त्यांत स्वच्छ वाचतां येत होतीं. तें विमान अमेरिकन हेरखात्याच्या कामावर असून त्याच महिन्यांत त्यानें खालिद अल्-मसरी या निरपराध जर्मन नागरिकास स्कोप्येहून अफगाणिस्तानांतील बंदिवासांत नेलें होतें. वृत्तपत्रकारांनीं ठिकठिकाणच्या स्पॉटरांचीं चित्रें व उड्डाणांच्या नोंदी ताडून पाहिल्या तेव्हां या गुप्त प्रवासांची सांखळी जुळत गेली. अल्-मसरी यास मे २००४ मध्यें अल्बानियाच्या एका डोंगरी रस्त्यावर सोडून देण्यांत आलें होतें. १३ डिसेंबर २०१२ रोजीं स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें मॅसिडोनियास त्याच्या छळाबद्दल जबाबदार धरून त्यास साठ हजार युरो भरपाई देवविली.