मुंबई इलाख्यातील प्रारंभीची रेल्वे आणि राजकीय स्थित्यंतर (१८४५-१८८५)

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली, या घटनेचे वर्णन सामान्यतः आधुनिकतेचा आरंभ म्हणून केले जाते. प्रस्तुत लेखात या रेल्वेचा खर्च कोणी सोसला आणि तिच्याविषयीचे निर्णय कोणाच्या हाती होते, या प्रश्नांच्या आधारे तत्कालीन राजकीय स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे.

इ.स. १८४५ मध्ये मुंबईत रेल्वेसाठी जे प्रयत्न सुरू झाले, त्यांत जगन्नाथ शंकरशेट व जमशेटजी जीजीभाई हे अग्रणी होते. तथापि, १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी व ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे यांच्यात लंडन येथे झालेल्या कराराने भांडवलदारांना पाच टक्के व्याजाची हमी दिली. जमीनही विनामूल्य मिळाली. नफा कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघणार असल्याने काटकसरीची निकड कंपनीला उरली नाही. जोखीम येथील रयतेची आणि लाभ तेथील भागधारकांचा, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते.

याच काळात राज्यविस्तारही वेगाने झाला. १८४८ मध्ये सातारा व १८५४ मध्ये नागपूर खालसा झाले, तर १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबई बंदरात आणणे हा रेल्वेचा एक प्रमुख हेतू होता. १८५३ च्या टिपणात डलहौसीने व्यापाराबरोबर सैन्याच्या जलद हालचालींवरही भर दिला. १८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य आले. परंतु हमीचा बोजा हिंदुस्थानच्याच महसुलावर राहिला. सत्ताधारी बदलले, देणेकरी मात्र बदलला नाही.

भोरघाटाच्या बांधकामात या व्यवस्थेची दुसरी बाजू दिसते. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या या मार्गावर पंचवीस बोगदे खोदावे लागले. हजारो मजूर तेथे राबले. पटकी व अन्य रोगांनी अनेकांचा बळी घेतला. वेतनाच्या प्रश्नावरून १८५९ मध्ये तेथे मजुरांचा उद्रेकही झाला.

रेल्वेचे स्वागत करणाऱ्या शंकरशेटांनीच १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत पुढाकार घेतला, ही बाब लक्षणीय आहे. राज्यकारभारात एतद्देशीयांना स्थान असावे, अशी या संस्थेची मागणी होती. पुढे दादाभाई नौरोजी व गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेच्या आर्थिक भाराची चिकित्सा केली. त्यांचा आक्षेप रेल्वे या यंत्रावर नसून, करदात्याला न विचारता आखलेल्या धोरणावर होता.

१८७० मध्ये मुंबई कलकत्त्याशी, तर १८७१ मध्ये मद्रासशी लोहमार्गाने जोडली गेली. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनासाठी दूरदूरच्या प्रांतांतून ७२ प्रतिनिधी एकत्र येऊ शकले, त्यामागे ही दळणवळणाची सोय होती. तात्पर्य, रेल्वेने आपोआप राष्ट्र घडविले असे म्हणता येत नाही. साम्राज्याच्या सोयीसाठी आणि रयतेच्या पैशातून उभारलेले हे साधन येथील सुशिक्षितांनी आपल्या राजकीय कार्याकडे वळविले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.