घरातले नकोसे पाहुणे

श्रोतेहो, भात झोडून झाले, कणग्या भरल्या, की डहाणू-तलासरीकडच्या घराघरांत एक भांडण सुरू होते. शेतात पीक उभे होते तोवर उंदीर शेतात होता. पीक कापले गेले, तसा तो दाण्यामागोमाग घरात आला. कुडाच्या भिंतीला रातोरात भोक पडते. सकाळी आजी ओरडते, "मेल्यानं पुन्हा कणगी पोखरली!" सून म्हणते, "मग तुमची मांजर काय करत होती? चुलीपाशी झोपली होती ना?" तेवढ्यात कळते, की धाकट्याने हौसेने आणलेल्या कुत्र्याने शेजारणीची कोंबडी धरली. शेजारीण दारात उभी. घरधनी वैतागून म्हणतो, "एकेकाला पोत्यात घालतो आणि खाडीपलीकडे सोडून येतो!"

पोते खाडीपलीकडे जाते. मांजर तिसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर होते. कुत्रा येत नाही. तो खाडीपलीकडच्या गावात कोंबड्या धरू लागतो. घरधन्याने उंदराला विष घातले, तर विष खाल्लेला उंदीर मांजर खाते आणि मांजरही मरते. मग आजीला आठवते, की मांजर मारल्याचे पाप फेडायला सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते. घरात एवढे सोने असते तर भाताच्या चार दाण्यांसाठी भांडण कशाला झाले असते?

ऐकायला ही गोष्ट हसण्याजोगी वाटते. पण या भांडणापायी आपल्या मुलखात दंगे झाले आहेत, टाळेबंद दुकाने झाली आहेत आणि लाखो माणसे मेली आहेत. त्याचीच हकीगत आज सांगायची आहे.

माणूस रानोमाळ भटकत होता, तोवर त्याच्या घरात उंदीर नव्हता, कारण घरच नव्हते. माणसाने शेती केली, धान्य साठवले आणि उंदराला बारमाही अन्न मिळाले. उंदरामागून मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे. मांजराला कोणी दोरी बांधून आणले नाही. उंदराच्या वासावर ते आले आणि चुलीच्या उबेला राहिले. उंदराच्याच वासावर नाग, मण्यार, घोणसही घरात शिरतात. कुत्रा तर शेतीच्याही आधीपासून माणसाबरोबर आहे, पण गावात त्याचा पोटापाण्याचा आधार म्हणजे आपले उष्टे आणि उकिरडा. या सगळ्या पाहुण्यांना आमंत्रण आपणच दिलेले आहे. ते आपल्या ध्यानात राहत नाही, एवढेच.

आता कुत्र्याची गोष्ट ऐका. डहाणू-घोलवडच्या लोकांना पारशी आणि इराणी बागाईतदार काही परके नाहीत. संजाण इथून हाकेच्या अंतरावर. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी बाहरोटच्या डोंगरातल्या गुंफांत बारा वर्षे जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. तो डोंगर आपल्याच भागातला. या समाजात कुत्र्याला मान आहे. माणूस वारला, की प्रेताजवळ कुत्रा आणून त्याची नजर प्रेतावर पाडायची, असा त्यांचा जुना विधी आहे. त्याला सगदीद म्हणतात.

मुंबईत कंपनी सरकारचे राज्य होते. बेवारशी कुत्री फार झाली म्हणून वर्षातून ठरावीक दिवशी ती मारण्याचा नियम सरकारने केला होता. 1832 साली ही मुदत वाढवून 15 जूनपर्यंत नेली. एका कुत्र्यामागे शिपायाला आठ आणे बक्षीस. त्या काळी आठ आणे म्हणजे लहान रक्कम नव्हे! शिपायांनी मग बेवारशी कोणते आणि पाळीव कोणते ते पाहिले नाही. लोकांच्या आवारात शिरून, दारातली कुत्री ओढून काढून मारली. 6 जूनला पारशांचा सणाचा दिवस होता. त्या दिवशी लोक चिडले आणि शिपायांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इस्माइली व्यापारीही त्यात सामील झाले. किल्ल्यातल्या गोऱ्या फौजेची भाकरी आणि सामान अडले. शेवटी लष्कर बोलवावे लागले, धरपकड झाली. मग जमशेटजी जीजीभाई वगैरे शेटमंडळींनी अर्ज केला, की कुत्री मारू नका, शहराबाहेर नेऊन ठेवा. पुढे 1834 साली जमशेटजी आणि शेट मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ निघाला.

इथे सरकारची अडचण खोटी नव्हती. पिसाळलेला कुत्रा चावला तर त्या काळी उपायच नव्हता. पाश्चरची लस यायला 1885 साल उजाडावे लागले. पण मारलेल्या कुत्र्यांची संख्या मोजून बक्षीस दिले, तेव्हा शिपायाला सर्वांत सोपे कुत्रे म्हणजे दारात बांधलेले! उकिरडे मात्र होते तसेच राहिले. ज्या उकिरड्यावर दहा कुत्री जगतात, तिथली दहा मारली तर पुढल्या वर्षी दुसरी दहा येतात.

कुत्र्याच्या गोष्टीत दंगा झाला. उंदराच्या गोष्टीत मात्र घरे ओस पडली. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी. तिथे उंदीर मरून पडत होते. 1897 साली सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात घरे झडू लागली, रोगी उचलून नेऊ लागले, सामान जाळू लागले. लोकांचा संताप इतका झाला, की 22 जून 1897 रोजी रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. त्याच साली 10 मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना मरण आले.

आणि या सगळ्या धामधुमीत खरा गुन्हेगार कोण, ते पक्के ठाऊक नव्हते. 1898 साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने दाखवले, की रोग उंदरावरच्या पिसवांतून माणसात येतो. लोकांना ते पटेना. पुढे मुंबईत प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग नावाची छोटी जनावरे सोडून पाहिली. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा चढल्या आणि ती प्लेगने मेली. तेव्हा शंका फिटली. उंदीर मेला, की त्याच्या अंगावरची भुकेली पिसू दुसरे अंग शोधते. म्हणजे नुसता उंदीर मारून टाकला आणि तिथेच राहू दिला, तर धोका उलट वाढतो.

गंमत पाहा, खेड्यातल्या म्हाताऱ्यांना अर्धे सत्य आधीच कळले होते. "गावात उंदीर पडले" एवढे ऐकले, की लोक घरे सोडून रानात खोपटी घालून राहत. पिसू काय ते त्यांना ठाऊक नव्हते, पण उंदीर पडलेल्या घरात निजू नये एवढे ते अनुभवाने शिकले होते. ज्यांना साहेब अडाणी म्हणत होता, त्यांची ही युक्ती योग्य होती.

हे सारे जुन्या काळचे, असे म्हणू नका. 30 सप्टेंबर 1993 रोजी लातूर-उस्मानाबादेकडे मोठा भूकंप झाला. धक्क्यांच्या भीतीने बीड जिल्ह्यातही लोक घरे सोडून बाहेर राहिले. बंद घरांत धान्य तसेच राहिले आणि उंदरांचे फावले. 1994 साली त्या जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगची साथ आली, तेव्हा तज्ज्ञांनी हेच कारण सांगितले. त्याच साली सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. तिथे आधी पूर येऊन गेला होता आणि कचऱ्याचे ढीग साचले होते. लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाले. सुरतेहून मुंबईला जाणारी गाडी डहाणू रोडवरूनच जाते! पुढे सुरतेची महापालिका कामाला लागली. 1995 पासून रोजचा कचरा रोज उचलायची शिस्त लागली आणि तेच शहर स्वच्छतेसाठी नावाजले गेले. तिथे उंदीर मोजून बक्षिसे द्यावी लागली नाहीत. त्यांचे ताट काढून घेतले, एवढे पुरले.

मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. 1899 साली ती प्लेगची प्रयोगशाळा म्हणून तिथे आली. 1925 पासून तिला हाफकिनसाहेबांचे नाव आहे. याच संस्थेने प्लेगची लस केली, कुत्रा चावल्यावरची लस केली आणि सर्पदंशावरचे औषधही केले. उंदीर, कुत्रा, साप. आपल्या घरातले तिन्ही नकोसे पाहुणे एका छपराखाली आले, ते उगीच नव्हे. कुत्रा चावला तर पोटात चौदा इंजेक्शने, ही भीती अजून पुष्कळांच्या मनात आहे. ती पद्धत आता बंद झाली. लस दंडात देतात. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिथे मिरची-हळदीचा उपयोग नाही.

मग घरच्या भांडणाचे काय करावे? कणगी जमिनीवर न ठेवता दगडांच्या किंवा लाकडाच्या उंच बैठकीवर ठेवावी, भिंतीपासून हातभर दूर, म्हणजे खालून आणि मागून झाडता येते. रात्री उष्टे उघडे ठेवू नये. मेलेला उंदीर हाताने उचलू नये. एकाएकी पुष्कळ उंदीर मेलेले दिसले तर सरकारी दवाखान्याला कळवावे. मांजर पाळायचे तर ते खऱ्या अर्थाने पाळावे, आणि मग विष घालू नये. कुत्र्याला रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पिल्ले नको असतील तर गुरांच्या डॉक्टरांकडून शस्त्रक्रिया करून घ्यावी. पोत्यात घालून दुसऱ्याच्या गावात सोडणे म्हणजे आपले भांडण शेजाऱ्याच्या दारात टाकणे. शिवाय मोकाट कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीजवळ येतो, हे वाघदेवाला नारळ देणाऱ्या आपल्या वारली बांधवांना कोणी नव्याने सांगायला नको.

शिक्षकांना एक विनंती. 1957 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आपले काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर घेऊन आल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, म्हणून त्यांनी कुरणशाळा चालवली. आपणही एक दिवस वर्ग मुलांच्या घरी न्यावा. कणगी कुठे आहे, भोक कुठे पडले, उकिरडा दारापासून किती पावलांवर आहे, ते मुलांनाच मोजू द्यावे. घरधन्याने वर्षभर ऐकले नाही, ते तो आपल्या पोराच्या तोंडून एका संध्याकाळी ऐकेल. आणि मांजराचे पोते खुंटीवरच राहील.